खासगी टीप

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ओव्हाळकाकांना "गुड मॉर्निंग" म्हटलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिडकीबाहेर पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "आधार काय?"

बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं आणि साडेअकरा वाजले होते. म्हणजे गुडलाही आधार नव्हता आणि मॉर्निंगलाही फारसा नव्हता. मी बुधवार पेठेत वाढलेली मुलगी. खवचट बोलणं मला नवीन नव्हतं, पण या माणसाच्या चेहऱ्यावर खवचटपणा औषधालाही नव्हता. ते खरोखरच माहिती विचारत होते. असं म्हणायची पद्धत आहे, असं मी चाचरत सांगितलं. "परंपरा. बरं, चालेल," म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा कानावर गेली.

आमचं ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधल्या एका सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. तो काळच असा होता की पुण्यात ज्याला त्याला परदेशातलं काहीतरी काम मिळत होतं. कुणी अमेरिकेतल्या डॉक्टरांची पत्रं टाइप करत होतं, कुणी रात्रभर जागून इंग्लंडातल्या लोकांच्या तक्रारी ऐकत होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं हिंजवडीच्या बसमध्ये चढली. मला तिथे कुणी घेतलं नाही, म्हणून मी फाटकसरांकडे आले. फाटकसरांनी मिळवलेलं काम मात्र असं होतं की ते घरी समजावून सांगताना माझी पहिली दिवाळी गेली.

जर्मनीतली एक प्रकाशन संस्था जुन्या संगीतकारांच्या रचना नव्याने छापत होती. नुसत्या छापत नव्हती, त्यांची चिकित्सा करून छापत होती. म्हणजे एका रचनेच्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या जेवढ्या हस्तलिखित प्रती सापडतील तेवढ्या गोळा करायच्या, त्यांना ए, बी, सी अशी नावं द्यायची, आणि कुठल्या प्रतीत कुठला सूर वेगळा आहे ते टिपांमधून नोंदवायचं. ते सूर कॉम्प्युटरवर पाच रेघांवर सुबक मांडणं आणि त्या टिपा त्यात बरोबर जागी गुंफणं, हे आमचं काम. सूर मांडायला दोघं होते, टिपांचा प्रोग्राम माझ्याकडे होता, आणि या सगळ्यावर शेवटची नजर ओव्हाळकाकांची.

दिनकर ओव्हाळ लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेली. तुम्हीआम्ही दुकानाची पाटी वाचतो तशी ते पाच रेघांची लिपी वाचायचे. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल, आणि तोंडात ते दोन शब्द. तेव्हा आधार कार्ड निघालेलं नव्हतं, नाहीतर समोरच्यांनी खिसे चाचपले असते. मेथी ताजी आहे म्हणणाऱ्या भाजीवालीला, पाच मिनिटांत येतो म्हणणाऱ्या फाटकसरांना, संध्याकाळी पाऊस येणार म्हणणाऱ्या वॉचमनला, सगळ्यांना एकच प्रश्न. एकदा ते माझ्या अब्बांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आपला ट्रान्झिस्टर घेऊन गेले. अब्बांनी कानाशी धरून ऐकला आणि कंडेन्सर गेलाय म्हणून सांगितलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात अब्बांना कुणी आधार विचारला नव्हता. त्यांनी रेडिओ उघडला, फुगलेला कंडेन्सर चिमट्यात पकडून काकांच्या डोळ्यांसमोर धरला. काका "ठीक" म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर अब्बांनी मला एवढंच सांगितलं, की हा माणूस तुझ्या ऑफिसात असेल तर तुझा प्रोग्राम जपून लिही.

प्रतींची अक्षरं त्यांच्या डोक्यात इतकी मुरली होती की ती ताटातही उतरायची. त्यांचा डबा कात्रजच्या एका खानावळीतून यायचा. त्यातल्या आमटीला ते डी म्हणायचे. डी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मूळ प्रतीवरून केलेल्या नकलेच्या नकलेची नक्कल. मग ए कुठे मिळते, म्हटलं. "ए उपलब्ध नाही," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

सोसायटीच्या चेअरमनांचा किस्सा सांगायलाच हवा. पाश्चात्त्य लिपीत उभ्या रेघा मारून सुरांचे कप्पे पाडतात, त्यांना बार म्हणतात. काकांचा आवाज परेडच्या मैदानावर तयार झालेला, आणि मोबाइलवर बोलायला ते गॅलरीत जायचे. एका सकाळी त्यांनी फाटकसरांना फोनवरून कळवलं की तेविसाव्या बारमध्ये गडबड आहे आणि एकतिसाव्या बारमध्ये तर दोघंही घसरलेत. खालच्या गॅलरीत चेअरमन तुळशीला पाणी घालत होते. दहा मिनिटांत ते वर आले आणि ही राहती इमारत आहे, आपण इथे नक्की किती बार चालवता, असं त्यांनी विचारलं. काकांनी कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं, "दोनशे चाळीस." पुढे सगळा उलगडा झाला, चहाही झाला. तरी चेअरमन नंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटले की आमचा वास घ्यायचे.

आता त्या प्रोग्रामविषयी. सुरांच्या फाइलमध्ये ज्या सुराबद्दल काही सांगायचं असेल त्याच्या शेजारी टीप टाइप करायची. माझा प्रोग्राम सगळ्या टिपा गोळा करायचा, त्यांना क्रमांक द्यायचा आणि पुस्तकाच्या शेवटी यादी लावायचा. पण काही टिपा फक्त आमच्यासाठी असायच्या. 'हे डॉक्टरांना विचारणे', 'इथे डोळे दुखले, उद्या पाहणे' अशा. डॉक्टर म्हणजे या आवृत्तीचे जर्मन संपादक. तर अशा टिपा छापल्या जाऊ नयेत म्हणून मी एक सोय केली. टिपेच्या सुरुवातीला 'खाजगी' असा शब्द लिहायचा, म्हणजे प्रोग्राम ती टीप गाळून टाकेल. काकांना सोपं जावं म्हणून शब्द मुद्दाम मराठी ठेवला.

"खाजगी? आधार काय?" काका म्हणाले. "शब्द खास. त्यावरून खासगी. मध्ये ज कुठून आला?"

सगळे खाजगीच म्हणतात, असं मी म्हटलं.

"सगळे म्हणतात हा आधार नाही. ती गर्दी आहे."

कॉम्प्युटरला मात्र खाजगीच कळतं, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं त्यांना पटलं. लष्करात मान हलवणं म्हणजे ऐकू आलं एवढाच अर्थ असतो, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी आम्ही क्लॅरिनेटच्या एका रचनेवर काम करत होतो. रचणाऱ्याचं नाव आमच्यातल्या कुणालाच नीट उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणत. बुवांच्या या रचनेच्या दहा प्रती युरोपात ठिकठिकाणी सापडल्या होत्या, ए ते जे. हा खंड चांगला उतरला तर पुढचे सात खंड आम्हाला मिळणार होते, आणि नाही उतरला तर फाटकसरांना फ्लॅट सोडावा लागणार होता. काका या खंडावर जिवापाड खपत होते. जेवणाच्या सुट्टीतही पडद्यासमोरून हलत नव्हते. मधला संथ भाग तर त्यांनी इतक्यांदा तपासला की शेवटी मीच म्हटलं, काका, बुवांनी स्वतः एवढा तपासला नसेल.

आणि ऐन शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. माझ्या आठवणीतली पहिलीच. कारण विचारलं तर 'घरचं' म्हणाले. मी आपली संधी साधली. "काका, रजेला आधार काय?"

"आहे," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

शुक्रवारी मुदत होती. सगळं तीन-तीनदा तपासून झालेलं होतं, म्हणून मी प्रोग्राम चालवला आणि खंड पाठवून दिला. टिपा जरा जास्त वाटल्या, पण काका कष्टाळू माणूस, असं मनाशी म्हणून मी घरी गेले.

सोमवारी डॉक्टरांची मेल आली. इतकी लांब मेल त्यांनी कधीच लिहिली नव्हती. वीस वर्षं मी या रचनेवर काम करतो आहे, त्यांनी लिहिलं होतं, आणि मला दहाच प्रती माहीत आहेत. तुमच्या टिपांमध्ये मधल्या भागात एक्केचाळीस ठिकाणी 'के' नावाच्या अकराव्या प्रतीचा उल्लेख आहे. ज्याने ती केली त्याला ही धून आतून कळली होती. वाजवणारा जिथे श्वासासाठी थांबतो तिथे के थांबत नाही. ही प्रत कुठे ठेवलेली आहे? कुणाच्या हातची आहे? मी पुढच्या महिन्यात पुण्याला येऊ शकतो.

फाटकसर आधी हरखले. पुण्यात जुनी प्रत सापडली म्हणजे आपला भाव वाढला, असं त्यांना वाटलं. मी मात्र फाइल उघडली. एक्केचाळीस टिपा, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला व्यवस्थित, शुद्ध शब्द: खासगी. माझ्या प्रोग्रामला खाजगी कळत होतं, खासगी कळत नव्हतं. अनोळखी शब्द दिसला की त्याने ओरडायला हवं होतं, पण तेवढं लिहायचा मी कंटाळा केला होता. त्याने तो शब्द मुकाट्याने गिळला आणि टिपा छापल्या. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

काका आल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि मेल वाचून दाखवली. पेन्सिल कानावरून खाली आली आणि हातातच राहिली. मग ते म्हणाले, "खाजगी लिहायला हवं होतं." शब्दाच्या बाबतीत माघार घेताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते पाहवलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही. मध्ये कागद सारखे करत, चष्मा पुसत.

बुवांचा तो संथ भाग बँडच्या पुस्तकात होता. ऑफिसर्स मेसमध्ये साहेब लोक सूप पीत असताना तो वाजवायचा. त्याचा सराव काका घोरपडीच्या क्वार्टरमध्ये करायचे. पलीकडे स्वयंपाकघर, मध्ये अर्धी भिंत. त्यांची बायको कमल भाकऱ्या थापायची आणि ऐकून ऐकून तीही ती धून गुणगुणायची. तिला लिपी येत नव्हती, क्लॅरिनेट तिने कधी हातात धरली नव्हती. एक्केचाळीस ठिकाणी ती चुकायची, आणि रोज त्याच ठिकाणी चुकायची.

"अठ्ठावीस वर्षं मी तिला भिंतीवरून ओरडून विचारलं, कमल, आधार काय? ती म्हणायची, मला असंच ऐकू येतं."

कमलताईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं; काका आमच्याकडे लागले ते त्यानंतरच. ती दोन दिवसांची रजा त्यांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनासाठी होती. आम्हाला ऑफिसात कुणाला काही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, पण ते असं.

नेमका हाच खंड ऑफिसात आला, आणि तपासताना डोळ्यांना दहा प्रती दिसत आणि कानाला अकरावी ऐकू येई. जेनंतरचं अक्षर के होतं, तो योगायोग. योगायोगाला आधार लागत नाही, असं काकाच म्हणाले.

मी यादीवर बोट ठेवलं. एक्केचाळीसपैकी तीन टिपांपुढे प्रश्नचिन्ह होतं. आमच्या कामात ते चिन्ह वाचन संशयास्पद असलं की देतात.

"तेविसाव्या बारमध्ये तिचा आवाज खाली जायचा," काका म्हणाले. "तो सूरच खाली घ्यायची, की भाकरी उलटताना धग लागायची म्हणून, ते आता खात्रीने सांगता येत नाही. मागच्या वर्षी सांगता आलं असतं. म्हणून बाकीचे लिहून ठेवले. तेही जायच्या आत."

मी यादीवरचं बोट उचललं.

फाटकसर वाईट माणूस नव्हेत, पण त्यांच्यापुढे सात खंड आणि पाच जणांच्या नोकऱ्या होत्या. त्यांचं म्हणणं, काही इश्यू नाही, के ही टायपिंगची चूक होती, तिथे बी वाचावं, असं कळवून टाकू. काका म्हणाले, बीमध्ये तसं नाही. फाटकसर चिडले. वीस वर्षं अभ्यास केलेल्या माणसाला आमच्या तपासनिसाने घरचं गुणगुणणं प्रत म्हणून नोंदवलं हे सांगायचं का? उद्या तो आपल्या एका तरी टिपेवर विश्वास ठेवेल का? आणि मग त्यांनी ते विचारलंच, जे आमच्यापैकी कुणी विचारलं नसतं.

"अहो, जगाला आधार विचारता. या लिहिण्याला काय आधार होता?"

"होता," काका म्हणाले. "उत्तर मी लिहितो. तांबोळीमॅडम, आपण टाइप करा."

प्रत्येक प्रतीचं वर्णन करायची एक ठरलेली रीत असते. कुणाच्या हातची, कशावर, कुठली, कशावरून केलेली, सध्या कुठे. काकांनी त्याच रीतीने सांगितलं आणि मी माझ्या इंग्रजीत टाइप केलं. मराठीत ते असं होतं:

"के. कमल दिनकर ओव्हाळ. लेखी नाही, मुखोद्गत. काळ अठ्ठावीस वर्षं. स्थळ पुणे, स्वयंपाकघर. भिंतीपलीकडून ऐकून केलेली, त्यामुळे मुळापासून वेगळी. रचनाकाराशी संबंध नाही. संपादनासाठी ग्राह्य धरू नये. सध्या उपलब्ध नाही."

त्याखाली त्यांनी लिहवून घेतलं की चूक माझी आहे, ऑफिसची नाही, आणि यापुढे मी तपासणीचं काम करणार नाही. मग ते उठून चहाला गेले. त्यांना न विचारता मी आणखी एक ओळ घातली, की या टिपा छापायच्या नव्हत्या, त्या माझ्या प्रोग्राममुळे छापल्या गेल्या. त्या ओळीला भक्कम आधार होता.

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काका रोज आले, टेबल पुसलं, पेन्सिलींना टोक केलं आणि एकाही कागदाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या कानावर पेन्सिल दिसली नाही, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

मेल चार ओळींची होती. केच्या सगळ्या टिपा काढून टाकाव्यात, हे अर्थातच. श्री. ओव्हाळ यांनी तपासणी चालू ठेवावी. प्रतीचं इतकं प्रामाणिक वर्णन मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही वाचलेलं नाही. पुढचा खंड पाठवत आहे.

त्याच दिवशी मी प्रोग्राम दुरुस्त केला. त्याला आता खाजगीही कळतं आणि खासगीही. टिपा मी काढल्या नाहीत, फाइलमध्ये जिथल्या तिथे आहेत. छापल्यावर दिसत नाहीत एवढंच. काकांनी तीन वेळा छापून पाहिलं आणि "ठीक" म्हणाले. पेन्सिल कानावर होती.

पुस्तक हातात यायला आणखी वर्ष गेलं. दरम्यान कुठल्याशा जुन्या मठात बुवांच्या रचनेची एक खरीखुरी अकरावी प्रत निघाली, शाईने लिहिलेली, तारखेसकट. डॉक्टरांनी तिचे पाठभेद आम्हाला पाठवले आणि ते आम्ही घातले. प्रतींची यादी मात्र त्यांनी स्वतःच्या प्रस्तावनेत तिकडेच छापली होती, त्यामुळे ती आम्ही आता प्रथमच पाहत होतो.

छापील पुस्तकही काका पेन्सिल घेऊनच वाचतात. फाटकसर पेढे घेऊन त्यांच्या मागे उभे होते, आणि चूक त्यांनाच आधी दिसली.

"अरे, हे काय? एच, आय, जे, आणि एकदम एल? के राहिलंच की. अकरावी प्रत केच व्हायला हवी. टिपांमध्येही एलच पडलंय. काका, खूण करा, त्यांना कळवायला हवं."

काकांची पेन्सिल जे आणि एलच्या मधल्या कोऱ्या जागेवर येऊन थांबली. सोसायटीच्या नोटिशीतले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा न सोडणारा हा माणूस.

"चूक नाही. बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर कसं? आधार काय?"

काकांनी पेन्सिल उचलली आणि कानावर ठेवली.

"आहे," म्हणाले, आणि पान उलटलं.